शंभर पावलं

तू विचारतोस फार, लुसाजो. विचार.
नाकोंडेच्या रांगेत आज चौथा दिवस,
साखर संपली, गॅस संपत आलाय,
पुढचा ट्रक हलेपर्यंत
माझ्याकडे उत्तरांशिवाय आहे काय?

टायरमधली हवा हातोडीने कळते.
मार. ऐक. बाजारात कलिंगडावर टिचकी मारतात तसं.
भरलेला टणकन बोलतो, बसलेला कण्हतो.
बावीस टायर, बावीस वेळा.
एकविसाव्याला कंटाळा येतो
आणि फुटतो तो बाविसावाच.
जोडीतला आतला विसरू नकोस,
दिसत नाही म्हणून तो गुपचूप मरतो.
नटाखालून गंजाचा ओघळ उतरला असेल
तर नट सैल आहे. पुसू नकोस, आवळ.

चपला? काढून ठेव.
पेडलखाली चप्पल अडकली
की देवालाही वाकायला वेळ मिळत नाही.

झोपेचं विचारलंस.
ती दार वाजवून येत नाही रे.
आधी एखादा मैलाचा दगड हरवतो,
मग रस्ता उगाच सुंदर दिसायला लागतो,
मग शेजारच्या सीटवर माझी आई येऊन बसते.
तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
ती दिसली की मी गाडी बाजूला घेतो,
चाकाला पाचर, दाराला कडी, वीस मिनिटं.
उठतो तेव्हा ती गेलेली असते.
मकाम्बाकोच्या वजनकाट्यापाशी
एक पोरगा कागदाच्या पुडीत गोळ्या विकतो.
घेऊ नकोस. त्या झोप मारत नाहीत,
उधारीवर ठेवतात,
आणि वसुली घाटात होते.

घाट म्हणजे किटोंगा.
वर इरिंगाची थंडी, खाली गोरखचिंचांचा उकाडा,
मधे तो वळणावळणाने सुटलेला रस्ता.
माथ्यावरच गिअर खाली घे. उतारात घेऊ म्हणशील
तर गिअर तुझं ऐकणार नाही.
ब्रेक मिठासारखा वापर, चिमूट चिमूट.
तीस टन तांबं आपल्या पाठीशी आहे
पण ते आपल्या बाजूचं नाही.
जळका वास आला
तर पुढच्याचा असेल म्हणू नकोस.
तो तेच म्हणत असतो आपल्याबद्दल.

मिकुमीत रात्री हत्ती आडवा आला तर
हॉर्न नको, दिवे मंद कर, थांब.
पोलीस कागद बघतो,
हत्ती फक्त तुझा धीर बघतो.

बायकोला काय सांगायचं, हेही विचारलंस.
पोचायची वेळ सांगू नकोस. दिवस सांग.
वेळ सांगितली की पाय ती गाठायला बघतो.

आणि गाडी बंद पडली तर फांद्या.
त्रिकोण दोनदा चोरीला गेला आपला,
फांद्या कोण चोरणार?
रस्त्यावर हिरवा पाला पडलेला दिसला
की पुढे कुणीतरी अडकलंय,
हे शेळ्या राखणारं पोरही जाणतं इथे.

किती लांब ठेवायच्या,
तेवढं मात्र विचारलं नाहीस.

मुसोंडाने विचारलं होतं.
तुझ्याच जागेवर बसायचा, असाच बडबड्या.
मी चाकाखाली, पाना दातात धरलेला,
म्हणालो, ठेव रे कुठेही, लवकर ये, टॉर्च धर.
त्याने कुठेही ठेवल्या.
सकाळी मी मोजलं. बत्तीस पावलं.
मागच्या बसला पाला दिसला होता.
दिसला होता, असं ड्रायव्हर सांगत राहिला सगळ्यांना,
आणि खोटं बोलत नव्हता तो.

तेव्हापासून फांद्या मी स्वतः ठेवतो.
शंभर पावलं, वळण असेल तर वळणाच्या पलीकडे.
वयाने पाय आखडलेत, म्हणून आता एकशेवीस.

ऊठ. रांग काही इतक्यात हलत नाही.
खाली उतर आणि मागे चालत जा,
मोठ्याने मोज, लोक हसले तर हसू देत.
मी आरशात बघतोय.

नव्वदला का थांबलास?